लोकल मेमरीची लोड टेस्ट

परवा दुकानात एक कॉलेजची मुलगी आली. हातात नवाकोरा लॅपटॉप, वहीएवढा पातळ. म्हणाली, "आंटी, इसमें रॅम बढ़ा दो ना. बहुत हँग हो रहा है."

मी मागचं झाकण उघडलं आणि तिला आत बघायला सांगितलं. मेमरीचे काळे तुकडे बोर्डावरच झाळून बसवलेले होते. खाच नाही, क्लिप नाही, काढायला-घालायला काही जागाच नाही. "अब जो है, वही है, बेटा," मी म्हणाले. ती म्हणाली, "मतलब पहलेही ज्यादावाला लेना था?" मी मान हलवली. तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि गेली. मी मात्र स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बराच वेळ बसून राहिले.

भिलाईच्या सुपेला बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आता हळूहळू आवरतं घेते आहे. या सगळ्या वर्षांत माझं घर ज्या एका कामावर चाललं ते हेच : लोकांच्या लॅपटॉपची मेमरी वाढवून देणं, आणि तीही कंपनीची नव्हे, बाहेरची, स्वस्तातली. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' असं संपादक म्हणाले तेव्हा मला आधी हसू आलं. पण त्या मुलीच्या पाठोपाठ दुकानातून आणखी काहीतरी निघून गेल्यासारखं वाटत होतं, म्हणून लिहायला बसले.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांना मी स्वयंपाकघराचं उदाहरण देत असे. लॅपटॉपमध्ये तुमच्या फायली, फोटो, गाणी राहतात ते कपाट. आणि मेमरी म्हणजे ओटा. कपाट केवढंही मोठं असो, पोळ्या लाटायच्या, भाजी चिरायची, कुकर ठेवायचा तो ओट्यावरच. ओटा लहान असला की एक भांडं ठेवायला दुसरं उचलून कपाटात ठेवावं लागतं, पुन्हा काढावं लागतं. त्यालाच लोक 'हँग होतो' म्हणतात. कपाट बदलायची गरज नसते. ओटा वाढवायचा. बोटाएवढ्या रुंदीची एक हिरवी पट्टी, सोनेरी दातांची, खाचेत तिरपी घालायची आणि खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' करून बसतात. तो आवाज मला फार आवडायचा.

गिऱ्हाइकांचे नमुने पुष्कळ भेटले. एक गृहस्थ मुलाला सोबत घेऊन आले होते. मुलगा बारावीला. म्हणाले, "मेमरी अशी टाका मॅडम, की याच्या लक्षात राहिलं पाहिजे." मला वाटलं थट्टा करताहेत. ते गंभीर होते. हथखोजच्या एका फॅब्रिकेशनवाल्याचा लॅपटॉप उघडला तर आत लोखंडाचा बारीक कीस, जणू कुणी मशीनला बुक्का लावला आहे. कुम्हारीहून मोटारसायकलवर रोज ये-जा करणारा एक विमा एजंट दर पावसाळ्यानंतर हमखास यायचा. रस्त्यातल्या खड्ड्यांनी त्याची पट्टी खाचेतून सैल व्हायची. मी ती काढायची, सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने पुसायची आणि परत बसवायची. मशीन सुरू. त्याला वाटायचं मी काहीतरी लपवते आहे. "सच बताइए, सिर्फ रबर से ठीक हुआ?" दर वर्षी हाच प्रश्न.

पण सगळ्यांत जास्त वेळ जायचा तो 'लोकल' या शब्दाशी भांडण्यात. कंपनीची पट्टी मागवली तर तिप्पट भाव. तीच चीज बाहेरची घेतली तर स्वस्त. आणि स्वस्त म्हटलं की आपले लोक बिचकतात. मी समजावून सांगायची की मेमरीचे ते काळे तुकडे बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. लॅपटॉपवाली कंपनी तेच विकत घेते आणि वर आपला कागद चिकटवते. बाहेरचा माणूसही तेच घेतो आणि त्याचा कागद चिकटवतो. आत बहुतेक वेळा एकच माल. 'बहुतेक वेळा' हे दोन शब्द मात्र मी कधी गाळले नाहीत. कारण बाजारात वाईट मालही येतो, आणि वरून तो अगदी चांगल्यासारखाच दिसतो.

हे मला ज्यांच्यामुळे पक्कं कळलं ते गजभिये काकाजी.

तेव्हा उन्हाळा होता. दुपारी बाजार ओस पडलेला. एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ आत आले. बगलेत टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप. कूलरसमोर क्षणभर उभे राहिले, मग माझ्याकडे नीट पाहिलं.

"जय भीम, पोरी. तू मेश्रामची वंदना नं? कोक ओव्हनमधल्या मेश्रामची?"

"हाव काकाजी. जय भीम."

बाबांचं नाव काढणारा माणूस दुकानात आला की मी हिंदीतून आपसूक घरच्या बोलीवर येते. आमचं सगळ्यांचं असंच आहे. भंडारा-गोंदियाकडून बाबांची पिढी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कामाला आली, आम्ही प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये वाढलो, शाळा हिंदी, बाजार हिंदी. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. काकाजी रोलिंग मिलमध्ये क्रेन ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर दुर्गला मोहन नगरात घर बांधून राहिले होते.

त्यांनी टॉवेल सोडला. "पोराचा हाय. तो पुण्याले गेला, मले देऊन गेला. कंपनीवाल्याच्या दुकानात गेलतो. तो म्हणते, या मॉडेलची मेमरी आता भेटत नाही, भेटली तं तिप्पट भाव. नवाच घ्या म्हणते."

"तुमाले याच्यावर काय काम पडते काकाजी?"

"तुया काकूचं गाणं रेकॉर्ड करून राहिलो. ती गाते, अन् मशीन मधीच थांबते. ती पुढं निघून जाते, मशीन मागंच राहते."

"मोबाइलवर करा नं."

"केलं. डब्यात तोंड घालून गायल्यावानी येते. पोरानं चांगला माइक ठेवला हाय. करायचंच हाय तं नीट करायचं."

काकूंना मी ओळखत होते. कौसाबाई. सेक्टरमध्ये कुणाकडे बारसं असलं, कुणाची मुलगी सासरी निघाली, चौदा एप्रिलचा कार्यक्रम असला, की कौसाबाईंचा आवाज असायचाच. माइक लागायचा नाही. रेल्वे फाटकाच्या पलीकडे ऐकू जायचं. माझ्या लग्नात त्यांनी गायलेल्या गाण्याने माझी आई, जी सहसा रडत नसे, ती स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती.

"मंग एकदम आताच कावून करून राहिले?" मी सहज विचारलं.

काकाजींनी टॉवेलची घडी घातली. परत उलगडली. "सोमवारी रायपूरले ऑपरेशन हाय तिचं. गळ्याचं. जिंदगीभर गुडाखू घासली नं दाताले, ते तंबाखू भोवलं. डॉक्टर म्हणते, माणूस वाचन. आवाजाचं विचारलं तं खाली पाह्यते."

तो दिवस बुधवार होता.

मी लॅपटॉप उघडला. दोन खाचा. एकीत कंपनीची छोटी पट्टी, दुसरी रिकामी. रेकॉर्डिंगला ओटा पुरत नव्हता, एवढंच दुखणं. दुसऱ्या खाचेत एक मोठी पट्टी घातली की झालं. त्या जातीची एक माझ्याकडे होती, रायपूरच्या घाऊक दुकानातून नुकतीच आलेली. मी ती पाकिटातून काढून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला, पट्टी उजेडाकडे धरली. "ही कंपनीची नाही."

"नाही काकाजी. बाहेरची हाय. पण चालते."

"लोकल." त्यांनी ती परत ठेवली. "पोरी, जिंदगीभर मी हुकाखाली माणसं पाह्यली. एकदा एका ठेकेदाराच्या यार्डात काम पाहाले गेलतो. त्यानं स्वस्तातला वायर रोप आणलता. वरून एक नंबर. ठप्पा बी होता. माल उचलला अन् मधात तुटला. खाली उभा होता त्याचा पाय गेला. तवापासून मी स्वस्त वस्तूवर भरोसा नाही ठेवत."

मी माझं नेहमीचं सगळं सांगितलं. मोजके कारखाने, तोच माल, वरचा कागद वेगळा. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. शेवटी म्हणाले, "तू म्हणतं ते खरं असन. पण आमच्याइथं क्रेन नवी असो का दुरुस्त केलेली, तिले पहिले लोड टेस्ट. जेवढं उचलायचं त्याच्याहून जास्त वजन लावायचं अन् उचलून पाह्यचं. मंगच माणसाच्या डोक्यावरून नेऊ देत. तुया ह्या पट्टीची लोड टेस्ट होते का?"

"होते," मी म्हणाले.

खरंच होते. एक छोटा प्रोग्राम असतो. तो मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो, मग परत वाचून बघतो की लिहिलं तेच आहे ना. पुन्हा उलटं लिहितो, पुन्हा वाचतो. असे कित्येक फेरे. चांगली पट्टी असेल तर पडद्यावर काहीच घडत नाही, नुसता आकडा पुढे सरकतो. वाईट असेल तर लाल ओळी येतात. पण याला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक थांबत नाही. त्यामुळे आम्ही दुकानदार थोडा वेळ चालवून बघतो आणि बांधून देतो. सगळा बाजार असाच चालतो.

"मंग पुरी होऊ दे," काकाजी म्हणाले. "मी उद्या सकाळी येतो. बसतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर होते. सोबत डबा, पाण्याची बाटली. मी टेस्ट लावून दिली. ते स्टूल ओढून पडद्यासमोर बसले, हात मांडीवर, पाठ ताठ. केबिनमध्ये बसल्यासारखे. इतर गिऱ्हाइकं येत-जात होती. कुणी विचारलं, "अंकल, क्या देख रहे हो?" तर म्हणायचे, "वजन."

मधे त्यांनी काकूंबद्दल सांगितलं. तिला गाणी लिहून ठेवता येत नाहीत, शाळेत गेलीच नाही. काही आईकडून आलेली, काही इथे आल्यावर तिने स्वतः जुळवलेली. किती आहेत ते तिलाही माहीत नाही. "मी शिफ्टमधी. ए, बी, सी. ती गात होती तवा मी एक तं झोपलो राह्यचो, नाही तं क्रेनवर. मले तिची अर्धीच गाणी माईत हायत. रिटायर झाल्यावर आयकू म्हटलं, तं आता हे."

जेवणाची वेळ टळून गेली होती. मी एका प्रिंटरमध्ये डोकं घालून बसले होते, तेव्हा मागून आवाज आला.

"वंदना. लाल झालं."

मी वळून बघितलं. पडद्यावर एक लाल ओळ. बघता बघता दुसरी. मग पडदाभर. पट्टीच्या शेवटच्या भागात कुठेतरी काही कप्पे सडके होते. अर्धा तास चालवून बघितलं असतं तर कधीच कळलं नसतं. पण काकू गात असताना नेमका तो कप्पा भरायची वेळ आली असती, आणि सगळं रेकॉर्डिंग तिथेच फुटलं असतं.

मला वाटलं, आता ते म्हणतील, पाह्य, मी सांगत नव्हतो? ते तसं काही म्हणाले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आता काय करायचं?"

रायपूरवाल्याला फोन केला. तो चांगला माणूस, बदलून देतो म्हणाला, पण त्या जातीची पट्टी त्याच्याकडे संपली होती, नागपूरहून यायला आठवडा लागणार होता. सुपेल्यातली चार दुकानं मी स्वतः उन्हात फिरले. एकाकडे होती, पण जास्त व्होल्टवाली. खाचेत बसते, मशीन मात्र उठत नाही. आमच्या धंद्यात हाही एक सापळा आहे. दिसायला सारखी, तहान वेगळी.

परत आले तेव्हा काकाजी लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळत होते. "जाऊ दे पोरी. मोबाइलवरच करतो. डब्यातून तं डब्यातून."

माझं लक्ष गल्ल्याशेजारी गेलं. तिथे माझा स्वतःचा लॅपटॉप होता. बिलं, स्टॉक, सगळं त्यावर. त्याच पिढीचा. त्यातही बाहेरचीच मोठी पट्टी होती, नाव कुणी ऐकलं नसेल अशा कंपनीची, आणि ती माझ्याकडे वर्षानुवर्षं तक्रार न करता चालली होती. मी तो उलटा केला आणि स्क्रू काढायला लागले.

"हे काय करून राहिली?"

"माझीच देतो काकाजी. नागपूरची आली की बदलून घेईन."

"अन् तुया दुकानाचं?"

"आठ दिवस बिलं हातानं लिहीन. पहिले लिहीतच होतो नं."

मी पट्टी काढली, खोडरबराने दात पुसले, त्यांच्या मशीनमध्ये घातली. टक्. मी झाकण लावायला लागले तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"लोड टेस्ट तं करावीच लागन."

मला हसूच आलं. माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं चाललेली पट्टी! पण लावली. शुक्रवारी दिवसभर ते पुन्हा स्टुलावर. आकडा सरकत राहिला, पडदा निळाच राहिला. संध्याकाळी फेरे पूर्ण झाल्याची ओळ आली तेव्हा काकाजींनी उठून, खाली उभा माणूस वर क्रेनवाल्याला 'उचल' म्हणून करतो तसं, हाताचं बोट वर करून गोल फिरवलं. दुकानात तेव्हा कोणी नव्हतं. ती खूण त्यांनी मलाच केली होती.

रविवारी मी मोहन नगरला गेले. मशीन नीट लावून द्यायची होती म्हणून, आणि खरं सांगायचं तर काकूंना भेटायचं होतं म्हणूनही. काकाजी सकाळपासून गल्लीत घरोघर फिरले होते. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की दुपारी कुकर लावू नका, टीव्ही हळू ठेवा. समोरच्या छत्तीसगढी कुटुंबातल्या म्हातारीने तर आपला कुत्रा दोरीने बांधून बहिणीकडे पाठवला होता. खोलीची दारं-खिडक्या बंद, त्यांवर गोधड्या लटकवलेल्या. पंखा बंद, कूलर बंद. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

कौसाबाई पलंगावर बसल्या होत्या. गळ्याला पातळ ओढणी गुंडाळलेली. चेहरा उतरलेला, पण डोळे तेच, कुणाला तरी बोल लावायच्या बेतात असलेले.

"मेश्रामची पोट्टी का? ये बस. ह्या बुढ्यानं तुले बी कामाले लावलं का?"

आवाज बसका झाला होता, पण खाली कुठेतरी ती जुनी धार होती. काकाजींनी कानाला हेडफोन लावले, माइक काकूंपुढे सरकवला आणि बटण दाबलं. "म्हण."

काकू माइककडे बघत राहिल्या. "काय म्हणू? याले काय म्हणू? हे काय आयकते?"

"मी आयकतो नं."

"तुमी तं मशीन पाहून राहिले." त्यांनी तोंड फिरवलं. "अन् माह्यासंगं झेलाले कोणी नाही. सुमन होती तवा मी एक ओळ म्हणो, ती दुसरी उचले. एकटीनं गाणं म्हणजे एका हातानं पाळणा बांधणं. मी नाही म्हणत."

सुमनबाई ही त्यांची जोडीदारीण. दोन वर्षांमागे गेली. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं म्हणून काकूंनीही पाहिलं.

मला गाता येत नाही. हे विनयाने सांगत नाही; शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला 'नुसते ओठ हलव' असं सांगत. मी ते काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ओठ हालवून काय होते? आवाज काढ. बेसूर असला तं असू दे, मले फक्त माह्या मागं कोणी हाय एवढं समजलं पायजे."

मग त्या गायल्या. मी मागे मागे ओळ उचलत राहिले. आधी लग्नातली गाणी, मग भीमाची, मग आईकडून आलेल्या दळणाच्या ओव्या. थकल्या की थांबायच्या, कोमट पाणी प्यायच्या, घाम पुसायच्या. काकाजींची नजर पडद्यावर. आवाजाची हिरवी रेघ न अडखळता पुढे चालली होती. एकदाही मशीन थांबली नाही. मधे काकू म्हणाल्या, ही बारशाची, मी इथीच जुळवली :

"धगीची भट्टी ओतली, आभाय लाल झालं,
माह्या तान्ह्याच्या पाळण्यात बिनादिव्याचं उजाडलं."

रात्री प्लांटमध्ये भट्टी ओतली की पेटणारं ते लाल आभाळ मी लहानपणी क्वार्टरच्या गच्चीवरून किती वेळा बघितलं होतं. त्याचं गाणं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

सगळं संपलं असं वाटलं. काकाजी बटण बंद करायला पुढे झुकले, तर काकू म्हणाल्या, "थांबा. आखीन एक हाय." आणि त्यांच्याकडे न बघता, गोधडीने झाकलेल्या खिडकीकडे बघत, सुरू केलं :

"आभायाच्या खाली बसे माह्या घराचा हा धनी,
लोखंडाचा पूर चाले त्याच्या बोटाच्या खुणेनी."

मी दुसरी ओळ उचलायची विसरले. काकूंनी माझी वाट बघितली नाही. दोन्ही ओळी त्या एकट्याच म्हणत गेल्या. धनी शिफ्टला जातो, डब्यात भाकर थंड होते, वर केबिनमध्ये उकडतं, खाली माणसं मुंगीएवढी दिसतात, आणि तो एकालाही धक्का लागू देत नाही. बरंच मोठं गाणं होतं. त्यांनी ते कधी जुळवलं, किती वर्षं मनात ठेवलं, कुणापुढे म्हटलं, कोण जाणे. एवढं मात्र दिसत होतं की काकाजी ते पहिल्यांदा ऐकत होते.

त्यांचे हात टेबलावर होते तसेच राहिले. हेडफोन कानावर, डोळे आता पडद्यावर नव्हते. गाणं संपलं तरी त्यांनी बटण दाबलं नाही. रेघ सपाट पुढे चालत राहिली.

"हे कधीचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमी नाइट शिफ्टले होते तवाचं."

"मले कावून नाही म्हणून दाखवलं?"

"तुमी झोपले राह्यचे नं," काकू म्हणाल्या आणि पाणी मागितलं.

सोमवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, माणूस वाचला. आवाजाच्या जागी एक खरखर उरली, फुटक्या बाजाच्या पेटीत हवा भरावी तशी. जवळ बसलं तरच कळायचं. रायपूरहून परत आल्यावर काकाजींनी ते रेकॉर्डिंग साफ करून पेन ड्राइव्हमध्ये भरून सगळ्या नातेवाइकांना वाटलं. काकूंनी स्वतः मात्र कधी ऐकलं नाही. घरात कुणी लावलं की उठून जायच्या. काकाजी मला म्हणाले, "मी हेडफोन लावूनच आयकतो आता. तिच्यासमोर नाही लावत."

नागपूरची पट्टी आली तेव्हा मी बदलायला गेले, तर काकाजींनी हात जोडून सांगितलं की हीच राहू दे, हिची टेस्ट झाली आहे. नवी पट्टी मी माझ्या मशीनमध्ये घातली. अर्थात, पूर्ण लोड टेस्ट करून. तेव्हापासून दुकानातून एकही पट्टी मी दिवसभर तपासल्याशिवाय दिली नाही. काही गिऱ्हाइकं कंटाळून दुसरीकडे गेली. जी राहिली ती शेवटपर्यंत राहिली.

पुढे त्यांच्या मुलाला मुलगी झाली. बारसं मोहन नगरलाच केलं, मला बोलावणं होतं. सून रायपूरची. घर मराठी, पण शिकली-वाढली सगळी हिंदीत. मराठी बोलायला लागली की दोन वाक्यांत हिंदीवर घसरायची. पाळणा फुलांनी सजवलेला. बायका जमल्या, आणि मग ती ओळखीची अवघड शांतता पसरली. गाणार कोण? पूर्वी हा प्रश्नच पडत नसे. काकाजी लॅपटॉप आणि स्पीकर घेऊन आले, पण काकूंचा चेहरा बघून दारातच थांबले.

तेवढ्यात सून पुढे झाली. पाळण्याची दोरी धरली आणि गायला लागली. धगीची भट्टी ओतली. 'आभाय'चं तिने 'आभाल' केलं, 'तान्ह्या'वर अडखळली, पण शब्द सगळे पाठ. पोटुशी असताना ती पुण्यात रोज ऐकत होती म्हणे, कानात घालून, स्वयंपाक करताना. मला आमच्या सगळ्या पिढीची लाज वाटली. लहानपणापासून हे ज्यांच्या कानावर पडत होतं त्या आम्ही, आमच्यातल्या एकीलाही येत नव्हतं. आणि ही पोर मशीनमधून शिकून आली होती.

कौसाबाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या. त्या उठल्या. गर्दीतून वाट काढत पाळण्यापाशी आल्या. सुनेला वाटलं आता ओरडा बसणार. तिने दोरी सोडली आणि गप्प झाली. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, तोंड तिच्या कानाशी नेलं, आणि त्या खरखरत्या आवाजात, आम्हा जवळच्यांनाच ऐकू येईल असं, म्हणाल्या,

"चाल चुकली. पुन्हा म्हण."